दहा साखळ्या सात आणे

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्याच दैनिकाच्या आतल्या पानावर एक जाहीर सूचना छापून आली. वर कुणाच्या तरी हरवलेल्या गुणपत्रिकेची जाहिरात, खाली बोअरवेलची निविदा आणि मध्ये ही सूचना. अक्षर इतके बारीक की मला मोजणीच्या नकाशासाठी जपून ठेवलेले भिंग काढावे लागले. मजकूर एवढाच : अमुक सर्व्हे नंबरमधील खेळाच्या मैदानाचे आरक्षण अंशतः बदलून तिथे दोन एकरांवर व्यापारी संकुल प्रस्तावित आहे, हरकती व सूचना एक महिन्याच्या आत लेखी द्याव्यात. छापल्याबद्दल आपले आभार. सूचना कायद्याने छापावीच लागते हे मला ठाऊक आहे, पण ती वाचली जाईल याची जबाबदारी कायद्याने कुणावरच टाकलेली नाही. म्हणून हे पत्र.

गावाचे आणि मैदानाचे नाव मी मुद्दाम घालत नाही. सुनावणी व्हायची आहे, आणि माझे भांडण एखाद्या कार्यालयाशी किंवा साहेबाशी नाही. मराठवाड्यातले एक जिल्ह्याचे गाव, जुन्या मोंढ्याच्या मागचे मैदान, पूर्वेला एक पिंपळ, एवढे पुरे. जालना, परभणी, नांदेड, लातूर कुठलाही वाचक म्हणेल, हे तर आमच्याकडचेच.

मी भूमी अभिलेख खात्यात चौतीस वर्षे भूकरमापक होतो. १९८० साली लागलो तेव्हा हातात शंकू साखळी होती : ३३ फूट लांब, सोळा आण्यांची, म्हणजे सोळा सारख्या भागांची. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर. पुढे टेप आला, ईटीएस यंत्र आले, आता उपग्रहावरून मापे घेणारा रोव्हर आला आहे. मी मात्र अजून डोळ्यांनी कुठलीही जागा साखळीतच मोजतो. लग्नाचे सभागृहसुद्धा. बायको यावरून हसते.

दुसरे वेड फुटबॉलचे. हे वडिलांकडून आले. वडील उर्दू माध्यमात शिकलेले, निजामाचे राज्य गेल्यावर हैदराबादला कारकून म्हणून होते. मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच होता, तेव्हा आमच्याकडच्या पुष्कळ लोकांच्या नोकऱ्या तिकडेच होत्या. १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे हैदराबाद सिटी पोलिसांच्या संघाने मुंबईचा रोव्हर्स कप जिंकला, त्या संघाचा सराव वडील कुंपणाला टेकून बघत. प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम हे मुळात शाळामास्तर. पुढे त्यांच्याच हाताखाली भारत १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये चौथा आला आणि १९६२ मध्ये जकार्ताला दक्षिण कोरियाला २-१ ने हरवून आशियाई सुवर्णपदक घेऊन आला. घरात क्रिकेटचा विषय निघाला की वडील म्हणत, ‘रहीम साहब के लडकों को देखते तो ये सब भूल जाते.’ मी पाहिले नाही, पण भूलही पडली नाही.

तर मी फुटबॉलच्या मागे लागलो तो असा. आमच्याकडे व्यावसायिक संघ नाही, कधी नव्हताही. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली आणि पुण्याला एफसी पुणे सिटी आला तेव्हा आम्ही तोच आपला मानला. पुणे आमच्यापासून एसटीने एका रात्रीचे. पहिल्याच हंगामात त्यांनी डेव्हिड त्रेझेगे आणला, ज्याच्या गोलावर फ्रान्सने २००० ची युरो स्पर्धा जिंकली होती. तो म्हाळुंगे-बालेवाडीत खेळतोय हे मला बराच काळ खरे वाटले नाही. मार्च २०१८ मध्ये संघ पहिल्यांदाच उपांत्य फेरीत पोहोचला. मैदानावरची सहा पोरे घेऊन मी बेंगळुरूविरुद्धचा सामना बघायला गेलो. शून्य-शून्य. पोरे परतीच्या गाडीत शिवाजीनगरपासून अहमदनगरपर्यंत भांडत आली की आशिक कुरुनियनला डावीकडून जास्त पास द्यायला हवे होते. चार दिवसांनी बेंगळुरूला छेत्रीने तीन गोल केले आणि विषय संपला.

पुढच्या वर्षी संघच संपला. २०१९ मध्ये तो बंद पडला आणि लीगमधली त्याची जागा नव्या हैदराबाद एफसीने घेतली. मी पोरांना म्हटले, चला, आपली बदली पुन्हा हैदराबादला झाली. तिथे २०२१-२२ चा करंडकही आला, फातोर्ड्याला केरळाला पेनल्टीवर हरवून. वडील असते तर पेढे वाटले असते. आणि २०२५ मध्ये तोही संघ हैदराबाद सोडून दिल्लीला गेला, नावसुद्धा बदलले. त्याच वर्षीच्या जुलैत तर अख्ख्या लीगचाच हंगाम प्रसारणाच्या आणि हक्कांच्या करारावरून लटकला होता.

हे एकाच संघाचे नाही. एकट्या पुण्यात पुणे एफसी, भारत एफसी, डीएसके शिवाजियन्स आणि एफसी पुणे सिटी असे चार व्यावसायिक संघ काही वर्षांच्या अंतराने मिटले. मुंबईत राष्ट्रीय लीग जिंकलेला महिंद्र युनायटेड २०१० मध्ये, मुंबई एफसी २०१७ मध्ये. कारणे प्रत्येकाची वेगळी, पैशाची बहुतेकांची. पण मोजणीदाराच्या नजरेने बघितले तर एक गोष्ट चटकन दिसते. यांच्यापैकी कुणाच्या नावावर खेळायची जमीन नव्हती. मैदान भाड्याचे, करार वर्षाचा. मालक कंटाळला की सामान गोळा केले आणि गेले. याउलट कोलकात्याला बघा. मोहन बागान, ईस्ट बंगाल, मोहमेडन यांचे तंबू आज कित्येक पिढ्या त्याच मैदानावर आहेत, कारण ते मैदान लष्कराच्या ताब्यात आहे आणि तिथे पक्के बांधकाम करू दिले जात नाही. लंडनमधल्या विम्बल्डन या फुटबॉल संघाचे मैदान विकले गेले, पुढे तिथे सदनिका उभ्या राहिल्या, संघ २००३ मध्ये दुसऱ्याच शहरात नेण्यात आला. चाहत्यांनी २००२ मध्ये आपला वेगळा संघ काढला आणि खालच्या पायरीपासून खेळत २०२० मध्ये जुन्या मैदानाशेजारी नवे मैदान बांधून परत आले. अठरा वर्षे लागली. आमच्या गावात कुणी अठरा वर्षे थांबेल असे मला वाटत नाही. आम्ही नळाच्या पाण्याला आठ दिवस थांबतो तेच खूप.

आता मूळ मुद्द्यावर येतो.

सूचना वाचली त्या रविवारी सकाळी सहा वाजता मी माळ्यावरची जुनी साखळी काढली. तिच्या तीन कड्या गंजल्या आहेत, पण माप अजून खरे आहे. टेप लावून ताडून पाहिले. मैदानावर सकाळी तीस-पस्तीस लेकरे असतात, त्यात आता सात मुली. दोघांना साखळीची टोके धरायला लावली. एकीने विचारले, ‘काका, हे बैलाचं आहे का?’ तिला सोळा आणे समजावून सांगण्यात अर्धा तास गेला. मग तीच सगळ्यांना सांगत सुटली.

जुन्या नकाशावर हे मैदान ५ एकर २० गुंठे आहे. आमच्या मोजणीत निघाले ३ एकर २७ गुंठे. उरलेले त्र्याहत्तर गुंठे कुठे गेले ते सांगतो : १२ गुंठे पाण्याच्या टाकीला, १९ गुंठे सभागृह आणि त्याच्या आवारभिंतीला, १४ गुंठे जप्त केलेल्या गाड्या ठेवायला (‘तात्पुरत्या’, दहा वर्षे झाली), आणि २८ गुंठे रस्ता रुंद करताना. यातले एकही दरोडा घालून गेले नाही. प्रत्येक वेळी ठराव झाला, सही झाली, नारळ फुटला.

आणि इथे मला स्वतःबद्दल सांगितले पाहिजे. टाकीची मोजणी निवृत्तीनंतर मीच विनामोबदला करून दिली. २०१६ चा उन्हाळा होता, त्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले होते. आमच्याकडेही बाया रात्री दोनला घागरी घेऊन उभ्या राहत. टाकीला जागा द्यायची नाही असे म्हणायची माझी हिंमत नव्हती आणि आजही ती दिली याचे वाईट वाटत नाही. वाईट वाटते ते दुसऱ्याच गोष्टीचे. त्या नकाशाच्या शेऱ्यात मी उरलेल्या भागावर माझ्या सुंदर अक्षरात लिहिले : ‘मोकळी जागा’. चौतीस वर्षे हेच दोन शब्द लिहीत आलो होतो. गायरान असो, बाजारतळ असो, पोरांचे मैदान असो, बांधकाम नाही म्हणजे मोकळी जागा. वाचणाऱ्या साहेबाने आणि गुत्तेदाराने त्याचा अर्थ ‘रिकामी जागा’ असा घेतला. मराठीत या दोन शब्दांत किती अंतर आहे हे कुणालाही कळते. घर मोकळे असते तेव्हा त्यात माणसे हिंडतात, रिकामे असते तेव्हा कुलूप असते. पण शेऱ्याच्या रकान्यात हे मावत नाही.

आता फुटबॉलचे माप. आंतरराष्ट्रीय सामन्याचे प्रचलित मैदान १०५ मीटर बाय ६८ मीटर. साखळीत दहा साखळ्या सात आणे लांब आणि सहा साखळ्या बारा आणे रुंद. म्हणजे साधारण साडेसत्तर गुंठे, एक एकर साडेतीस गुंठे. आमच्या मैदानाची पूर्व-पश्चिम लांबी सभागृहाच्या भिंतीमुळे आता नऊ साखळ्या साडेपाच आणे उरली आहे, ९४ मीटर. खेळाच्या नियमात किमान लांबी ९० मीटर चालते, म्हणून अजून कसेबसे बसते; गोलच्या मागे दोन-दोन मीटर सुटतात आणि आमचा गोलकीपर प्रत्येक पावसाळ्यात एकदा तरी भिंतीला कोपर घासून घेतो. प्रस्तावित संकुलाला दोन एकर गेले की उरतात १ एकर २७ गुंठे. साडेतीन गुंठे कमी. म्हणजे भिंती पाडल्या, आकार हवा तसा वळवला, कोपऱ्यातला झेंडा पिंपळाच्या बुंध्याला बांधला, तरी पूर्ण मैदान बसणारच नाही. हे मत नाही, मापे आहेत. कुणीही साखळी घेऊन यावे.

यावर उत्तर तयार आहे असे कळते : संकुलाच्या गच्चीवर कृत्रिम गवताचे टर्फ होणार आहे. टर्फ मी पाहिले आहे. जाळीचा पिंजरा, पाचास पाच, तासाला हजार रुपये. नोकरदार पोरे संध्याकाळी वर्गणी काढून खेळतात, खेळोत बापडी. पण सकाळी सहाला येणाऱ्यांत हमालांची लेकरे आहेत, वीटभट्टीवरची आहेत, एक जण पेपर टाकून येतो, कदाचित आपलाच. त्यांनी हजार रुपये कुठून आणायचे? आणि पाचाच्या पिंजऱ्यात वाढलेल्या पोराला कॉर्नर कुठून मारतात तेही कळत नाही.

सप्टेंबर २०१७ मध्ये १७ वर्षांखालच्या विश्वचषकाच्या निमित्ताने आपल्या राज्यात एका दिवशी दहा लाख मुलांनी फुटबॉल खेळावा अशी मोहीम झाली होती. शाळाशाळांत नवे चेंडू आले. आमच्या मैदानावरही त्या दिवशी चार शाळा आल्या होत्या, धूळ इतकी की चेंडू दिसेना. त्या वर्षीच्या भारतीय संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. कोल्हापुरात पेठेपेठेचे तालीम संघ आहेत आणि त्यांना शाहू स्टेडियम आहे, म्हणून तिथे असा पोरगा निघतो. आमच्याकडे चेंडू अजून शिल्लक आहेत, हवा भरली की चालतात.

उत्पन्नाचा मुद्दा खोटा नाही. नगराच्या तिजोरीत पैसा नसतो, कर्मचाऱ्यांचे पगार रखडतात, हे आम्हाला दिसते. पण आधी बांधलेल्या संकुलाच्या गाळ्यांची दोनदा हर्रासी होऊनही वरच्या मजल्याची निम्मी शटरे बंद आहेत, तिथे पारवे राहतात. ते आधी भरावेत. पारव्यांची सोय पिंपळावर होईल.

कायद्याबद्दल दोन शब्द, कारण गावात भलतेच पसरवले जात आहे. चहाच्या टपरीवर मला एका जाणत्या माणसाने सांगितले, ‘दहा वर्षं झाली की आरक्षण आपोआप उठतं, आता काही करता येत नाही.’ हे चूक आहे. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाचे कलम १२७ खासगी मालकीच्या, संपादन न झालेल्या जमिनीसाठी आहे. तिथेही दहा वर्षांनंतर मालकाने नोटीस द्यावी लागते आणि त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावले उचलली नाहीत तरच आरक्षण जाते. आपले मैदान सार्वजनिक मालकीचे आहे, त्याला हे कलम लागतच नाही. इथे वापरले जात आहे कलम ३७, आराखड्यात फेरबदल करण्याचे. त्या कलमातच अट आहे की फेरबदलाने आराखड्याचे मूळ स्वरूप बदलता कामा नये. जुन्या गावठाणात मुलांना खेळायला राखलेली एवढीच एक जागा. तिचा मोठा तुकडा दुकानांना देणे हा किरकोळ फेरबदल कसा, एवढे सुनावणीत विचारायचे आहे.

बेंगळुरूत उद्यानासाठी राखलेली जागा खासगी रुग्णालयासाठी दिली गेली होती. रहिवासी कोर्टात गेले आणि १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. रुग्णालयासारखी चांगली गोष्टही उद्यानाच्या जागेवर चालली नाही, इथे तर मोबाईलची दुकाने येणार. पुढे १९९६ मध्ये हिमाचलातल्या बियास नदीकाठच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने म्हटले की नदी, वन, किनारा अशा गोष्टींचे शासन विश्वस्त असते, मालक नाही. ते निकाल शहरातल्या मैदानाला किती लागू पडतात हे वकील सांगतील. मी सांगू शकतो ते एवढेच, की मोजणीत विश्वस्ताची सही आणि मालकाची सही वेगवेगळ्या रकान्यांत घेतात.

हरकत देणाऱ्यांसाठी, अनुभवावरून : तोंडी बोलू नका, व्हॉट्सॲपवर लिहून मोकळे होऊ नका. साध्या कागदावर लिहा, सूचनेचा दिनांक आणि सर्व्हे नंबर घाला, दोन प्रती न्या आणि एका प्रतीवर आवक क्रमांकासह शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. सुनावणीला मला बोलवावे, असे शेवटी लिहा. जमल्यास विकास आराखड्याचा भाग नकाशा आणि मोजणी नकाशाची ‘क’ प्रत जोडा. भावनेने भरलेल्या दहा पानांपेक्षा चतुःसीमा दाखवणारा एक नकाशा टेबलावर जास्त वेळ राहतो. हे मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूने पाहिले आहे.

माझ्याकडे भाग नकाशाच्या चाळीस झेरॉक्स आहेत आणि हरकतीचा नमुना त्या साखळीवाल्या मुलीने वहीच्या पानावर स्वच्छ अक्षरात लिहून दिला आहे. तिने ‘मोकळी जागा’ हे शब्द खोडून ‘खेळाचे मैदान, वापरात’ असे केले आहे. मुदत संपेपर्यंत मी रोज सकाळी सहा ते आठ पिंपळाखाली बसलेला असेन. येताना आपापला पेन आणावा. गेल्या दोन दिवसांत माझे तीन गेले.

आपला वाचक,
एक निवृत्त भूकरमापक
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे.)